उसना दशक

हिंदुरावांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चार खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याखाली पिवळ्या ऑइलपेंटने एकेक आकृती रंगवलेली आहे. लाटणं, झारा, किसणी आणि चकलीचा सोऱ्या. चाकणच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात. तिथे पाने आणि ड्रिल अशाच आकृत्यांवर टांगतात. वस्तू परत आली नाही की रिकामी आकृती लांबूनच डोळ्यांत भरते. संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत ही पद्धत आली, तेव्हा त्यांच्या बायकोने, योगिनीने, एवढंच म्हटलं, "अहो, माझीपण काढून ठेवा. माहेरी गेले की कळेल तरी."

दिवाळीपासून चौथी आकृती रिकामी होती. शेजारच्या कस्तुराकाकू सोऱ्या घेऊन गेल्या आणि तो तिकडेच रमला. जिन्यात गाठ पडली की हिंदुराव आधी रामराम घालायचे, मग सोऱ्याचा विषय काढायचे.

"देते की ओ भाऊजी! सोऱ्याला काय पाय फुटलेत?"

"फुटले असते तर एव्हाना आला असता, वहिनी."

पहिली पाळी संपवून कंपनीची बस त्यांना ऊन कलताना सोडते. हात दोनदा धुतले तरी ग्रीसचा वास मागे उरतोच. त्या वासासकट ते दुसरीतल्या लेकीला, सोनूला, घेऊन बसतात. ती त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून गणितं सोडवते. दिवे लागेपर्यंतचा तो वेळ दोघांचा असतो. योगिनी तेव्हा टीव्हीसुद्धा लावत नाही.

त्या वेळेवर गदा आली ती वजाबाकीमुळे. शाळेतल्या करिष्मा मॅडमनी हिंदुरावांना बोलावून सोनूचा पेपर पुढे ठेवला. बेचाळीसमधून सतरा गेले, उरले पस्तीस. त्रेसष्टमधून अठ्ठावीस गेले, उरले पंचेचाळीस.

"प्रत्येक उत्तर बरोब्बर दहाने जास्त आहे," मॅडम म्हणाल्या. "घरी कोण शिकवतं?"

"मीच," हिंदुराव म्हणाले, पण छाती पुढे काढायची राहून गेली.

"सोनू, दोनातून सात जात नाहीत," मॅडमनी शेजारी उभ्या सोनूला विचारलं. "मग आपण काय करतो?"

"शेजारच्या चारकडून एक दशक उसना घेतो," सोनू घडाघडा म्हणाली. "बारातून सात गेले, पाच. मग चारचा एक चारला परत देतो. उसनं ठेवायचं नसतं. पप्पा म्हणतात, घेतलं की परत."

मॅडमनी हसू रुमालात दाबलं. शनिवारी पुन्हा बघू, म्हणाल्या. घरी योगिनीला मात्र हसू आलं नाही. तिने पिंपळे सौदागरमधल्या एका ट्यूशनला फोनसुद्धा करून ठेवला.

"शनिवारी चुकली तर सोमवारपासून तिकडे. संध्याकाळची बॅच आहे."

"संध्याकाळची?" हिंदुरावांनी विचारलं. तिने मान हलवली आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव काडीपेट्या घेऊनच घरी आले. दहा-दहा काड्यांना रबर लावून त्यांनी चार जुड्या केल्या, शेजारी दोन सुट्या काड्या ठेवल्या. सतरा काढायच्या होत्या. सोनूने एक जुडी सोडली, हिशेबाने सतरा काड्या बाजूला सारल्या आणि नवी काडीपेटी उघडली.

"ही कशाला?"

"चारची जुडी परत द्यायला."

"अगं, ती जुडी सुटली ना! त्यातल्याच काड्या तर गेल्या."

"मग चारचं नुकसान झालं."

हिंदुरावांनी उरलेल्या काड्या पुन्हा मोजून पाहिल्या. मग त्यांना स्टोअरची भाषा सापडली. "हे बघ. पाना दिला तर परत येतो. पण हातमोजे, ग्रीस, पुसायच्या चिंध्या परत मागत नाहीत. वापरून संपतात. दशक हा तसला माल आहे, बाळा. एकदा सुटा केला की संपला."

"म्हणजे घेतलेलं सगळंच परत नसतं द्यायचं?"

"सगळंच नाही," ते अडखळले. "काही काही."

सोनूने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "सोऱ्या?"

आतून कुकरची शिट्टी झाली आणि मागोमाग योगिनी दारात आली. हिंदुरावांनी पिवळ्या आकृतीकडे पाहिलं, गुडघ्याला टेकलेल्या पाठीकडे पाहिलं.

"वापरून संपला समज," ते हळू आवाजात म्हणाले.

"ऐकलं बरं मी," योगिनी म्हणाली.

शनिवारी सोनूची सगळी उत्तरं बरोबर आली. बेचाळीसमधल्या चारवर तिने काट मारली होती आणि डोक्यावर लहानसा, जरा दुखावलेला तीन लिहिला होता. योगिनीने ट्यूशनला फोन करून नको म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी हिंदुराव बसमधून उतरून आले, न्हाणीघरात तोंडाला साबण लावत होते. दाराची बेल वाजली.

"सोनू, हा घे गं तुमचा सोऱ्या," कस्तुराकाकूंचा आवाज आला. "घासून पुसून आणलाय. तुझ्या पप्पांना आता जिन्यात तोंड दाखवायला मोकळी."

"नको, काकू. तो परत नसतो द्यायचा."

"अं?"

"तो वापरून संपला. पप्पांनीच सांगितलंय."

"अगं बाई!" काकूंचा स्वर भरून आला. "एवढा मोठ्या मनाचा माणूस, आणि मी उगाच तोंड चुकवत होते!"

हिंदुराव डोळे मिटलेले, तोंडभर फेस, चाचपडत बाहेर आले तोवर शेजारचं दार लागलं होतं. सोनू भिंतीसमोर उभी राहून बोटं मोजत होती.

"चार होते, एक गेला, तीन राहिले. बरोबर ना, पप्पा?"

साबण डोळ्यांत उतरत होता.

"बरोबर," हिंदुराव म्हणाले.