न गिळलेला घोट

नोकरीचा कागद आला तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो दोनदा वाचला आणि घडी घालून बुद्धमूर्तीपाशी ठेवला. कारखाना बिअरचा होता. आजोबा दारूपायी गेलेले. धम्मदीक्षा घेतल्यापासून दादा पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, डोळ्यांत तेल घालून पाळत आले होते. पण बी.एस्सी. होऊन मी दीड वर्ष घरी बसलो होतो, आणि नाशकात तेव्हा दुसरं काही हाताला लागत नव्हतं.

"प्रयोगशाळेत काम आहे ना? कर," ते म्हणाले. "पण एक थेंब घशाखाली जाता कामा नये. शब्द दे."

मी दिला. ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. नळ्या धुवायच्या, बाटल्यांतले नमुने तपासायचे, आकडे लिहायचे. मग आमच्या मोठ्या साहेबांनी एक हौस काढली. ते परदेशात शिकून आले होते. तिकडे जवाची एक फार कडक बिअर करतात, लाकडी पिंपात महिनोन् महिने मुरवतात आणि तिला बार्ली वाइन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कुठून तरी एक जुनं ओकचं पिंप मिळवलं. ते सांधायला घोटीकडचे एक सुतार होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पन्नाशीचे, एका कानाने कमी ऐकणारे.

"नाशकात बसून वाइन करायची आन् द्राक्षाचा मणी नाय घालायचा," ते पट्टा ठोकता ठोकता म्हणाले. "साहेबाला कुनी सांगा, पलीकडच्या मळ्यात लय द्राक्षं हाईत."

"मिस्त्री, तुम्ही पिंप बघा," साहेब हसून म्हणाले.

"पिंपच बघतोय. पिंपाचं मला कळतं. तुमचं तुमाला कळतं."

पिंप भरलं, बूच ठोकलं. तीन महिन्यांनी पहिली चाखणी ठरली. चाखायला साहेब आणि एक जुने केमिस्ट, दोघे असत. त्या आठवड्यात साहेब मुंबईला गेले आणि केमिस्टला कावीळ झाली. साहेब जाता जाता मला म्हणाले, "तू चाख आणि लिहून ठेव. एक लक्षात घे. ही थुंकायची नसते. हिचं खरं रूप गिळल्यावर घशात कळतं."

ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, अशी माझी समजूत. हो म्हटलं तर दादांना कळेल. दादांचं नाक मी लहानपणापासून ओळखत होतो. पंचवटीतून भाजी आणताना दारूच्या दुकानासमोरून आलो तरी ते विचारायचे.

पिंपाला भोक पाडून मिस्त्रींनी काचेच्या पेल्यात चार बोटं काढून दिली. रंग काकवीसारखा. मी तोंडात घेतली. खजूर, जळका गूळ, ओलं लाकूड, आणि गालांच्या आतून चढणारी ऊब. इतकं चांगलं काही मी तोवर चाखलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. घसा आपोआप उघडायला लागला. मी तसाच मागच्या मोरीकडे धावलो, थुंकलो, चार वेळा चूळ भरली.

वळलो तर मिस्त्री दारात उभे. हातात लाकडी खुंटी, भोक बुजवायची.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

त्यांनी मोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुंटी ठोकायला गेले. वहीत मी लिहिलं : चव ठीक, दोष नाही. बसमध्ये मी बडीशेप चावत होतो. घरी दादांशी बोलताना तोंड बाजूला ठेवलं. शब्द मोडला नव्हता तरी चोरासारखा जेवलो.

पुढे महिनाभराने पिंप एका सांध्यातून पाझरायला लागलं. मिस्त्रींनी फटीत लव्हाळ्याची पात बसवली, वर मेण लावलं, पट्टा आवळला. पाझर थांबला. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

सहा महिने झाले तेव्हा साहेबांनी दुपारी आम्हा सगळ्यांना बोलावलं. केमिस्ट, मी, मिस्त्री. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, गिळला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "घे. गीळ."

सगळे बघत होते. मी गिळला. आधी तोच खजूर, तोच गूळ. मग घशात पोचल्यावर एक जळकट, कडवट, दवाखान्यातल्या औषधासारखी चव उठली आणि तिथेच राहिली. जिभेवर तिचा मागमूस नव्हता.

"तीन महिन्यांपूर्वी ही चव होती?" साहेबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. खरं उत्तर तेवढंच होतं. पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, गिळली नाहीस का, मग लिहिलंस कसं. मी म्हणालो, "नाही साहेब. तेव्हा ठीक होती."

"वहीतही तसंच आहे," केमिस्ट म्हणाले.

साहेब मिस्त्रींकडे वळले. "म्हणजे नंतर बिघडली. नंतर पिंपाला हात कोणाचा लागला?"

"माझाच," मिस्त्री म्हणाले. "पात धुतलेली व्हती साहेब. उकळत्या पान्यातून काढलेली."

"मग ही चव आकाशातून पडली?"

मिस्त्रींनी मान वळवली. ते माझ्याकडे बघत होते. मोरी त्यांच्या लक्षात होती, हे मला दिसत होतं. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी पेल्याचा काठ घट्ट धरून उभा राहिलो. ते बोलले नाहीत. महिनाअखेर त्यांना कामावरून कमी केलं.

त्या चाखणीच्या संध्याकाळी दादांनी दारातच ओळखलं. "प्यायलास?"

"हो. साहेबांनी गिळायला लावली."

मी मार खायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, "खोटं नाही बोललास. हे मला पुरे आहे." आईला म्हणाले, "वाढ त्याला."

त्यांचं ते समाधान मला मारापेक्षा जड गेलं. तरी मी बाकीचं सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मी घोटीला गेलो. मिस्त्री भाताच्या गिरणीबाहेर एक लाकडी चाळण दुरुस्त करत बसले होते. मी सगळं बोललो. त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून, भरभर.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हनून थांबलो ना." त्यांनी खिळा ओठांतून काढला. "आन् आता माझ्यापाशी कशाला? साहेबापाशी बोल. जा."

मी गेलो. साहेबांच्या दारापर्यंत. आत ते फोनवर हसत होते. मी हात वर केला, दार वाजवलं नाही, आणि माझ्या टेबलाशी येऊन बसलो. वर्षभरात साहेब दुसरीकडे निघून गेले. मिस्त्रींकडे मी पुन्हा गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं.

मी अजून पीत नाही. दादा आता नाहीत. पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हणतो. पाचवं खणखणीत म्हणतो. त्याच्या आधीचं, खोटं न बोलण्याचं चौथं, आलं की आवाज काढत नाही, नुसते ओठ हलवतो. इतक्या आवाजांत ते कुणाच्या लक्षात येत नाही. तरीही दर वेळी वाटतं की मागे दारात कुणीतरी उभं आहे आणि त्याच्या हातात खुंटी आहे.