पंचवीस इंचांची खुर्ची

रूम बुक करणाऱ्या बाईला लोक जे सांगतात, ते डॉक्टरलासुद्धा सांगत नसतील. कोण घोरतं, कोणाला कमोडशिवाय जमत नाही, कोणती सून सासूच्या खोलीत झोपणार नाही, हे सगळं आम्हाला घरच्यांच्या आधी कळतं! मी सोलापुरात एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात बसते. अठरा वर्षं झाली. घाटाजवळच्या मोठ्या थीम पार्कला जाणाऱ्या फॅमिल्यांना हॉटेलची रूम शोधून द्यायची, हे माझं काम. पार्क तोच, पाळणे तेच, माणसं मात्र रोज नवी. त्यामुळे किस्से साठत जातात. हल्ली सांगता सांगता मी मधेच गप्प होते, तेवढं सांभाळून घ्या.

*

बार्शीचे एक मास्तर होते. फोनवर म्हणाले, "मॅडम, एक फॅमिली रूम द्या."

"किती जण आहात?"

"फॅमिलीच की!"

"तरी पण किती?"

मग त्यांनी मोजायला घेतलं. आई, वडील, आपण दोघं, तीन पोरं, बहीण, तिची दोन आणि एक चुलत आजी. झाले अकरा!

मी म्हटलं, "सर, फॅमिली रूम म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान. हॉटेलचा नियम आहे."

मास्तरांनी परत एकदा सगळ्यांना मोजलं. मग म्हणाले, "बरं. मग यातलं फॅमिलीत कोण नाही, तेवढं तुम्ही ठरवा. आणि त्याला घरी येऊन तुम्हीच सांगा!"

मी शेजारी शेजारी तीन रूम दिल्या. नंतर हॉटेलवाल्याकडून कळलं, अकराच्या अकरा जण एकाच खोलीत झोपले आणि उरलेल्या दोन खोल्यांत बॅगा ठेवल्या.

*

आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. मालक म्हणजे अण्णा. गाड्यांचं बघणारा नागेश, चाळिशीचा, घरी अजून दोन माग चालतात. मी. आणि कॉम्प्युटरवर अण्णांची एकुलती एक मुलगी पल्लवी. वय तेवीस. तिच्या स्नायूंचा आजार आहे. अकराव्या वर्षापासून ती व्हीलचेअरवर. आवाज मात्र असा खणखणीत की फोनवरचे लोक बाईऐवजी मशीन बोलतंय असं समजून एक-दोन बटणं दाबून बघायचे!

अर्ध्या सोलापूरला अण्णांनी त्या पार्कला पाठवलं, पण स्वतः एकदाही गेले नाहीत. कारण पल्लवीची खुर्ची पंचवीस इंचांची आणि हॉटेलांच्या बाथरूमची दारं चोवीस इंचांची.

घरीही तेच. फ्लॅटच्या बाथरूमला एका बाजूला पिलर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. दोन इंजिनिअर आले आणि मान हलवून गेले. म्हणून वैनी, म्हणजे पल्लवीची आई, तिला उचलून आत नेतात. बारा वर्षं हेच चाललंय.

अण्णा एकदा तिला म्हणाले, "पार्कवाले मदत करतात गं. पाळण्यात बसवतील तुला."

तर पल्लवी म्हणाली, "अण्णा, मला पाळण्यात बसायचंच नाही. मला अशी एक रूम पाहिजे, जिथं मी माझी माझी बाथरूमला जाईन. पाळणे तुम्ही फिरा!"

डॉक्टरांनी अण्णांना सांगून ठेवलं होतं की हातांची ताकदही हळूहळू जाणार. तेव्हा ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवायची. ते हात चालताहेत तोवर रूम मिळायला हवी होती. आम्ही सगळेच त्यामागे लागलो.

*

हॉटेलवाल्यांना फोन करायचे, तर त्यांची उत्तरं एकेक!

"बाथरूमच्या दाराची रुंदी किती आहे हो?"

"नॉर्मल आहे मॅडम."

"नॉर्मल म्हणजे किती?"

"माणूस जातो की आरामात!"

एका मॅनेजरच्या तर पल्लवी खनपटीलाच बसली. फोटो पाठवा म्हणाली. बिचाऱ्याकडे टेप नसावा. त्याने स्वतःच बाथरूमच्या दारात उभं राहून फोटो काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'बघा, मी मावतो.' गृहस्थ चांगले भरलेले. पोट या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत!

पल्लवीने फोटो मोठा करून बघितला आणि ओरडली, "अण्णा, आता याची रुंदी कुणाला विचारायची?"

त्या दिवशी ऑफिसात आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. अण्णा हसता हसता बाहेर गेले, ते बऱ्याच वेळाने आत आले.

*

नातेपुत्याहून एक शेतकरी आले होते. सोबत दोन लहान मुलं. म्हणाले, "चार खाटांची खोली पायजे."

पल्लवीने विचारलं, "कोण कोण येणार काका?"

"मी आन ही दोन लेकरं."

"मग तीन बेडची देते की. चौथा कशाला?"

त्यांनी मुलांना बाहेर जाऊन गाड्या बघा म्हणून सांगितलं. मुलं गेल्यावर म्हणाले, "पोरी, गेल्या साली समद्यांनी मिळून ठरीवलं हुतं. चार खाटांची खोली, आन खिडकीकडची खाट ह्यांच्या आईची. आता आई न्हाय. पर आई न्हाय म्हणून खाट बी काढली, आसं लेकरास्नी वाटाय नको."

पल्लवीने चार बेडची रूम बुक केली. हॉटेलला मेसेज टाकला की चौथ्या बेडवर चादर घालून ठेवा, आणि तो कुणाचा म्हणून विचारू नका.

*

अण्णांची थोरली बहीण कुंभारीला राहते. एकदा ऑफिसात आली आणि आमचा दारांचा शोध ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"आसल्या कामाला लागलाय व्हय तुमी? अगं, आई हाय की संगं! पोरीच्या जातीला आईची कसली लाज? तिनंच न्यायचं, तिनंच आणायचं. त्याला दार रुंद कशाला लागतंय?"

पल्लवी टाइप करत होती, ती थांबली. शांतपणे म्हणाली, "आत्या, तुम्ही जाताना कुणाला घेऊन जाता?"

आत्याबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. जाताना मात्र पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

*

शेवटी नागेशने मनावर घेतलं. पार्कला बस घेऊन गेला की लोकांना गेटवर सोडायचा आणि खिशात टेप घालून हॉटेलं पालथी घालायचा. एका ठिकाणी तर त्याला कुणी सरकारी माणूसच समजले! आधी चहा दिला, मग थंड दिलं, मग मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहेब, नियमात किती इंच बसतं तेवढं सांगा, आम्ही भिंत पाडू!"

नागेश म्हणाला, "पाडा की! सत्तावीस करा!" आणि तिथून पळाला.

असं करता करता एक हॉटेल सापडलं. नागेशने दाराची चौकट मोजली. आतून आतून सव्वीस इंच! त्याने तिथूनच मला फोन केला. "अय्यो मंगलताई, मिळालं!" अण्णांनी ऑफिसात पेढे वाटले. हे मी कधीच विसरणार नाही.

पुढच्याच आठवड्यात ते निघाले. अण्णा, वैनी, पल्लवी आणि गाडीला नागेश. पल्लवीने नवा ड्रेस घेतला होता. दुपारी पोचले, रूम उघडली, पल्लवी चाकं फिरवत थेट बाथरूमकडे गेली आणि दारातच अडकली.

नागेशने मोजली होती ती चौकट. दार उघडल्यावर मागे बेसिनला टेकायचं आणि अर्धवटच राहायचं. मग त्या दाराची जाडी आणि त्याची कडी, दोन्ही चौकटीतच आडवी. उरले चोवीस. इतके दिवस दारं मोजतोय आम्ही, पण उघडलेलं दारही जागा खातं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

वैनी म्हणाल्या, "मी उचलते की गं, रोजच्यासारखं." पल्लवी म्हणाली, "रोजच्यासारखं घरी आहेच. घरी चला."

पार्क समोर दिसत होता. ते आत गेलेच नाहीत, तसेच माघारी फिरले.

नागेश तीन दिवस ऑफिसला आला नाही. चौथ्या दिवशी पल्लवीनेच फोन लावला. "नागेशअण्णा, कॅन्सलेशन चार आलीत, आणि चहा सांगायला कोणी नाही. या की आता." तो आला, पण तिच्याकडे बघेना. मला त्या दोघांचंही फार वाईट वाटलं.

*

त्यानंतर दुसऱ्या एका हॉटेलच्या मालकाला अण्णांनी झालेला सगळा प्रकार सांगितला. माणूस भला. म्हणाला, "काका, काळजी करू नका. तुमच्या मुलीसाठी मी सोय करतो." दोन दिवसांत फोटो आला. त्याने बाथरूमचं दारच बिजागऱ्यांतून काढून टाकलं होतं आणि तिथं मोरांचा छान पडदा लावला होता!

अण्णा हरखले. म्हणाले, "बघ पल्लवी, आता पूर्ण सव्वीस इंच! खुर्ची सरळ जाईल!"

पल्लवी फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "अण्णा, दार रुंद पाहिजे म्हटलं होतं. दार नको, असं कधी म्हटलं होतं?"

अण्णांनी त्या मालकाला फोन करून आभार मानले आणि येणं जमणार नाही म्हणून सांगितलं. खरं कारण सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

*

यात दीड वर्ष गेलं. पल्लवीची बोटं माऊसवर थांबेनात. मग ती सांगायची आणि मी टाइप करायचे. माझा वेग तो काय असणार! "मावशी, तेवढ्यात दुसरं कुणीतरी बुक करेल," असं म्हणून हसायची. पुढे चाकंही तिच्याच्यानं फिरेनाशी झाली. वैनी मागून खुर्ची ढकलायला लागल्या.

आणि अशात तिनेच रूम शोधली. नवीन हॉटेल होतं. तळमजल्याची खोली, उंबरा नाही, बाथरूमला बाजूला सरकणारं दार, चौतीस इंच! मालकीणबाईंनी टेप लावून व्हिडिओ काढून पाठवला होता. दार पूर्ण उघडून, पूर्ण बंद करून, दोन्हीही. आमच्यापैकी एकालाही बरं म्हणवेना. उशीर झाला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पल्लवीच म्हणाली, "मावशी, बुक करा. आणि या वेळी तुम्ही पण यायचं."

डिसेंबरात आम्ही पाच जण गेलो. वैनींनी खुर्ची खोलीत आणली. बाथरूमचं दार उघडंच होतं. आत पांढऱ्या स्वच्छ फरश्या, हाताशी दांडे, खुर्ची वळवायला ऐसपैस जागा. सगळं जसं हवं होतं तसं. पल्लवीचे हात मांडीवर होते. अण्णा उगाच एसीचा रिमोट शोधत होते. नागेश बॅगा घेऊन दारातच थांबला. मला वाटलं, कशाला आणलं आपण हिला? आता हे बघून तिला काय मिळणार?

"आई, मला आत ने," पल्लवी म्हणाली.

वैनींनी खुर्ची आत नेली. दोन्ही बाजूंना चांगली जागा उरली.

"आता तू बाहेर जा, आणि दार लाव."

"अगं पण, तुझं तुला काही..."

"मला काही करायचं नाहीये गं आई. पूर्ण लाव."

वैनी बाहेर आल्या. दार सरकवलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो. खिडकीतून पार्कमधली गाणी ऐकू येत होती, आणि मोठा पाळणा खाली आला की माणसांच्या किंकाळ्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वैनी दाराला हात लावायच्या आणि परत मागे घ्यायच्या. शेवटी अण्णांना राहवलं नाही. ते दाराजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "पल्लवी... काय करतीस गं?"

आतून तोच खणखणीत आवाज आला.

"काही नाही अण्णा. एकटी बसलीय."