बहिणीचा फोन आणि बंदरावरची लाट

बंदराच्या रस्त्यावर केस कापणाऱ्या मावशीला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, तेही तोंडावर. कात्री थांबली तरी तिची जीभ थांबायची नाही. तिची धाकटी बहीण लग्न होऊन महासागराच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर गेली होती. दोघी रोज फोनवर बोलायच्या, त्यामुळे तिकडच्या भाचरांना सर्दी झाली तरी ती इकडच्या गिऱ्हाइकांना ठाऊक असायची.

त्या सकाळी मात्र फोन कानाला लावला आणि मावशी गप्प झाली. केसांना रंग लावून बसलेल्या शाळेतल्या बाई तेवढ्यानेच घाबरल्या.

“ताई, आम्ही डोंगरावर आहोत, धड आहोत,” बहीण धापा टाकत होती. “भूकंप झाला, मग समुद्र गावात शिरला. पाणी ओसरलं म्हणून लोक सामान आणायला उतरले आणि दुसऱ्या लाटेत सापडले गं. लाट तुमच्याकडेही निघालीय. वर जा, आणि उतरायची घाई करू नको!”

मावशीने शटर ओढलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बाईंना बरोबर घेऊन, दारं ठोठावत तिने जेटी गाठली. तिथे तिचा नवरा, मिस्त्री, बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

“अगं, भूकंप तिकडे झाला. इथे कपातला चहासुद्धा हलला नाही.”

“समुद्र एकच आहे ना?” बाई टॉवेल सावरत म्हणाल्या. “तिकडे तळ उचलला गेला, की वरचं सगळं पाणी ढकललं जातं. खोल पाण्यात लाट विमानाच्या वेगाने धावते, पण इतकी बुटकी, की जहाजाला पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात वेग घटतो आणि उंची वाढते.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. “एक कमी होती, आता दोघी!”

तेवढ्यात बंदराचा भोंगाही वाजू लागला. दुपारपर्यंत अख्खा रस्ता टेकडीवरच्या शाळेच्या पटांगणात जमला. बाईंनी तिथल्या नळावर डोकं धुऊन घेतलं.

मग बंदरातलं पाणी मागे सरलं. होड्या चिखलात कलंडल्या. पाणी परत आलं ते भरतीसारखं, पण थांबेचना. रस्ता बुडाला, आणि हळूहळू ओसरला.

“झालं,” मिस्त्री उठला. “इंजिन तेवढं बघून येतो.” त्याच्यामागे चार-पाच नाखवेही उठले.

मावशीने त्याचं मनगट धरलं. “बसा हो. आपल्या लग्नात तुम्ही दुसऱ्याच मांडवात जाऊन बसला होतात, ते सांगू का यांना?”

नाखवे थबकले. मावशीने ती गोष्ट अशी रंगवली, की एकेक जण हसत खाली बसला. ती संपायच्या आत तिने दुसरी काढली. मिस्त्रीचं मनगट मात्र तिने सोडलं नाही.

आणि दुसरी लाट आली. जेटी दिसेनाशी झाली, पाणी दुकानांच्या पाट्यांना लागलं. मिस्त्रीने आपला दुसरा हात हळूच बायकोच्या हातावर ठेवला.

खाली उतरायची परवानगी मिळाली तेव्हा माणसं सगळी शाबूत होती. दुकानात गुडघाभर चिखल होता आणि भिंतीवरचा आरसा फुटला होता. मिस्त्रीने खुर्ची धुऊन रस्त्यावर मांडली. कित्येक दिवस लोक तिथेच बसून आरशाविना केस कापून घेत, आणि कसे दिसतात हे मावशी सांगेल तेच खरं मानून घरी जात.