फेसावाचूनचं न्हाणं

रविवारी सकाळी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं आणि माझ्या ओल्या केसांतून ओघळणारं पाणी त्या उन्हात अगदी नितळ दिसतं. ना फेस, ना बुडबुडे, ना नाकात शिरणारा उग्र वास. बोटांना जाणवतो तो फक्त सायीसारखा मृदू स्पर्श. चौपन्न वर्षांत मी किती वेळा न्हाले असेन! पण न्हाण्यात इतकं सुख असतं, हे मला उमगलं ते गेल्या वर्षी, माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीमुळे आणि माझ्या सासूबाईंच्या हातून.

केजमधल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी हे अचानक गेले, आणि पुढच्या काही महिन्यांत माझे केस पाहता पाहता पांढरे झाले. घरात सासूबाई आणि मी, दोघीच उरलो. त्यांना मी आत्या म्हणते. आम्ही एकमेकींची औषधं सांभाळायचो, एकमेकींसाठी जेवायला थांबायचो; पण ज्याच्यावाचून घर रिकामं झालं होतं, त्याचं नाव मात्र दोघींपैकी कुणीच काढत नव्हतं.

रुखसाना एकेकाळी माझ्या वर्गात होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसाठी मी तिला कितीदा तरी उभं केलं असेल. आता तिचं बसस्थानकामागे पार्लर आहे. एकदा बाजारात भेटली आणि माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाई, या की एकदा पार्लरवर. तुमचे केस असे बघवत न्हाईत मला."

मी हसून टाळलं. मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि पाय आपसूक तिकडे वळले. तासाभराने आरशात गडद तपकिरी केसांची, बऱ्याच दिवसांनी भेटलेली एक ओळखीची बाई दिसली. आनंद झाला का? झाला. आणि लगेच भीतीही वाटली. घरी येताना मी डोक्यावरून पदर घेतला. आत्या दारात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, पाहतच राहिल्या, आणि पुन्हा मान खाली घातली. एक शब्दही बोलल्या नाहीत. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. पण जो बोलतच नाही, त्याची कुठून काढायची?

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, बादलीवर पांढरे थर चढवणारं. त्यात खडूची भुकटी आणि रस्त्याची धूळ, म्हणून मी दिवसाआड शाम्पू चोळायची. मोरीतून लालसर पाणी वाहत जाताना दिसायचं. महिन्याभरात रंग विटून तांबूस झाला, केस तुराट्यांसारखे राठ झाले. बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं; या वयात, हे गेल्यावर, हा सोस करायलाच नको होता. त्याच तिरीमिरीत मी रुखसानाकडे गेले आणि म्हटलं, "कापून टाक बारीक. पांढरे येतील तसे येऊ देत."

तिनं कात्री उचललीच नाही. केस चिमटीत धरून तिनं विचारलं, "बाई, शाम्पू किती वेळा लावता?" मी सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "आता शाम्पू बंद. नुसत्या कंडिशनरनं धुवायचे. केस चांगले भिजवा, भरपूर लावा, बोटांच्या टोकांनी डोकं चोळा, घाई करू नका, आन् मग भरपूर पाण्यानं काढा."

"आणि फेस?"

"फेस आपल्या डोळ्यांना बरा वाटतो, बाई. केसांना काय करायचाय?"

मी विद्यार्थिनीसारखी मान डोलावली. पहिले काही दिवस मात्र विश्वास बसेना. डोकं चिकट वाटायचं, अंघोळ अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात केस बोटांतून सुटे होऊ लागले, उरलेला रंग जागच्या जागी राहिला, आणि त्याच आठवड्यात मी शाळेच्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

दोन रविवार न्हाणं नाही. तिसऱ्या रविवारी आत्यांनी न्हाणीघरात पाट मांडला. "बस हितं," म्हणाल्या. बाटली उचलून त्यांनी हुंगली. "हेच का ते कंडक्टर?"

"कंडिशनर, आत्या."

त्यांनी ओंजळभर ओतलं आणि चोळायला लागल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बोटं, पण काय ताकद! थोड्या वेळानं म्हणाल्या, "फेस कावून येईना?"

"याला येत नसतो."

"मग मळ कशानं निघतो?"

"तुमच्या बोटांनी."

त्या हसल्या. मग हात मंदावला. माझ्या पाठीमागून, हळू आवाजात त्या बोलू लागल्या. "तू रंग लावून आलीस त्या दिवशी मी बोलले न्हाई. तुला वाटलं आसंल, रागावले."

मी मागे वळायला गेले, तर त्यांनी माझं डोकं हलकेच पुन्हा पुढे केलं.

"तो गेल्यापून तू पांढऱ्या डोक्यानं घरात फिरायचीस, तवा मला वाटायचं, आपल्या घरात दोन म्हाताऱ्या झाल्या. त्या दिवशी तू दारात आलीस आन् मला लई बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली. पोरगा गेलेल्या आईनं आसं खूश व्हावं का? म्हणून मान खाली घातली."

हे गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी आम्ही दोघी यांच्याबद्दल बोललो, यांच्या विसरभोळेपणाबद्दल, मोठ्यानं गाणी म्हणण्याबद्दल. रडलो आणि मधेच हसलोही. ज्या मौनाला मी शिक्षा समजत होते, त्यात माझ्याइतकंच घाबरलेलं एक मन होतं! आपण किती दिवस एकमेकांचे चुकीचे अर्थ लावून जगत असतो, नाही?

प्लास्टर केव्हाच निघालं. हात आता चांगला चालतो. तरी रविवारी त्या पाट मांडतात आणि मी निमूट बसते. परवा त्यांनी माझा भांग उघडून बारकाईनं पाहिला.

"मुळाशी पांढरं दिसाया लागलंय. त्या पोरीकडं कधी जाणार?"

"जाईन सवडीनं."

"सवडीनं कशाला? उद्या शाळा सुटली की जा. मी बी येते संगं."

आणि माझ्या डोक्यावर त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या ओतला.