डेव्हिड तीनवरचा उंट

निवड चाचणीची पाचवी, शेवटची फेरी होती. चार डावांत माझे दोन गुण झाले होते. जिल्ह्याच्या दृष्टिहीन बुद्धिबळ संघात चौघं जाणार होते आणि मला अजून अर्धा गुण हवा होता, म्हणजे बरोबरी पुरेशी होती. वाट्याला काळ्या सोंगट्या आल्या.

काळ्यांसाठी मी एकच सुरुवात शिकलो होतो, फ्रेंच बचाव. लोहाऱ्यातल्या घरी एकवीस दिवस, रोज सकाळी पाऊण तास. बायको मोबाइलवरून चाली वाचायची. आमच्या पटावर प्रत्येक घराला भोक असतं, त्यात सोंगटीची खुंटी बसते. काळी घरं जरा उंच असतात. पटाच्या उभ्या ओळींना इंग्रजी अक्षरं असतात. डी, ई, बी ऐकायला सारखीच, म्हणून डीला डेव्हिड म्हणायचं, ईला ईव्हा.

"हा डेव्हिड रोज चहाच्या आधी हजर," बायको म्हणायची. "माझ्या माहेरचं कुनी इतकं येत न्हाय."

पट एकच. पांढऱ्या सोंगट्या ती हलवायची, काळ्या मी. एक गोष्ट तिनं माझ्याकडून घोकून घेतली होती. पांढऱ्याचा उंट डेव्हिड तीनवर आला की डेव्हिड चारचं प्यादं फुकट दिसतं. पण आधी आपला उंट डेव्हिड सातवर आणायचा. घाईनं प्यादं खाल्लं तर वजीर जातो.

स्पर्धेत मात्र दोघांपुढं दोन पट असतात. समोरचा चाल बोलतो. आपण ती मोठ्यानं उच्चारायची आणि आपल्या पटावर त्याचीही सोंगटी हलवायची.

समोर मुरूम गावचा एक तरुण शिक्षक होता, तोही दृष्टिहीन. सहाव्या चालीला त्यानं उंट डेव्हिड तीनवर नेला. आठव्या चालीला तो म्हणाला, "राजाच्या बाजूला कॅसलिंग."

कॅसलिंगला राजा आणि हत्ती यांच्यामधली घरं मोकळी लागतात. माझ्या बोटाला मध्ये उंट लागला. मी हात वर केला. "होत नाही. मधी उंट आहे."

"काका, उंट कवाच निघाला," तो म्हणाला. "तुमीच तर म्हनलात, डेव्हिड तीन."

पंचांनी दोन्ही पट आणि चालींची नोंद तपासली. मी चाल उच्चारली होती, सोंगटी हलवली नव्हती. एकवीस दिवस ते काम बायकोनं केलं होतं. पाठ केलेली चाल ऐकताच माझा हात सरळ स्वतःच्या प्याद्याकडं गेला होता. पंचांनी उंट जागेवर लावला आणि माझ्या चुकीबद्दल समोरच्याला दोन मिनिटं वाढवून दिली.

माझा उंट डेव्हिड सातवर पोचलेला होता. मी डेव्हिड चारचं प्यादं खाल्लं. पण आता माझा माझ्याच पटावर भरवसा राहिला नव्हता. प्रत्येक चालीआधी सगळा पट चाचपायचा, म्हणजे निदान वीस सेकंद. तिसाव्या चालीला वेळ विचारली. माझ्याकडं तीन मिनिटं उरली होती, त्याच्याकडं अकरा.

एक प्यादं जास्त असूनही जिंकायचा विचार मी सोडला. वजिरानं शह देत राहिलो. त्याचा राजा कोपऱ्यात गेला, बाहेर आला, पुन्हा कोपऱ्यात गेला.

"दमलात का न्हाय, काका?"

"मोजतोय."

पुढचा शह दिला की तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, आणि तसं झालं की बरोबरी मागता येते. मी तो शह आधी पंचांना सांगितला आणि बरोबरी मागितली. त्यांनी घड्याळ थांबवून नोंद वाचायला घेतली. प्रत्येक चालीवर मी माझा पट चाचपत होतो.

"बरोबरी," ते म्हणाले. "तुम्ही चौथे." माझे एकोणीस सेकंद शिल्लक होते. समोरच्यानं हात पुढं केला असावा. तो शोधायला मला वेळ लागला, कारण माझी बोटं अजून त्याच्या राजावर होती.