खोक्यांचे परीक्षक

देवाने आधी माणसाची कातडी बनवली आणि मग उरलेलं सामान सोयीने आत भरलं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. केळं दिसलं की आपण सोलून खातो. मामा आधी सालीचं कौतुक करतात. "बघ, खंय फाडूचा ता कोणाक सांगूक लागता?" असं म्हणत ते केळं घरभर फिरवतात आणि खायचं विसरून जातात. नारळाविषयी त्यांचं मत फार चांगलं आहे. आंब्याविषयी मात्र, जन्म देवगडचा असूनही, बरंच वाईट. "आतलो माल पयल्या नंबराचो, पण सालीन लाज काढल्यान," असं त्यांनी ऐन मे महिन्यात, एका बागायतदाराच्या अंगणात, त्याच्याच आंब्याचा रस हनुवटीवरून गळत असताना सांगितलेलं मी ऐकलं आहे.

उमेदीची सगळी वर्षं मामांनी कोल्हापूरला, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात काढली. निवृत्त होऊन ते जामसंड्याच्या घरी आले, पण कारखाना काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाला नाही. मामा पुडा फाडत नाहीत, सोडवतात. पाहुणे आले, मामींनी चुलीवर आधण ठेवलं आणि चहापत्तीचा नवा पुडा काढायची वेळ आली, की मामा तो हातात घेतात, ब्लेड आणतात आणि जिथे डिंक लावला आहे तिथून हळूहळू सुरुवात करतात. पुडा कपड्यासारखा सपाट पसरेपर्यंत पाणी आटतं. मामी पुन्हा पाणी ओततात. पाहुण्यांपैकी ज्यांना ठाऊक असतं ते सरबत मागतात.

एकदा आमच्याकडच्या एका मुलीचं लग्न ठरवायला आम्ही खारेपाटणला गेलो होतो. मुलाकडच्यांनी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा ठेवला. बोलणी देण्याघेण्याच्या नाजूक वळणावर आलेली असताना मामांनी पुडा उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवायला लागले. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "पावण्यांनो, बिस्किटा ताजी आसत हां," ते म्हणाले. मामा म्हणाले, "बिस्किटा ऱ्हवांदेत ओ, ही शिवण बघा! किती सरळ इली हा!" बैठक काही वेळ शिवणीवरच चालली. लग्न जमलं. मुलाच्या वडिलांनी नंतर मला बाजूला घेऊन, मामा डॉक्टर आहेत का, असं विचारलं.

असा माणूस तालुक्यात असल्यावर त्याला वेष्टणांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं नसतं तरच नवल. स्पर्धा भरवली होती इथल्याच बागायतदारांनी आणि बचत गटांनी मिळून. आंबा, काजू, कोकम, सुकी मासळी, जे काही आपल्याकडे होतं त्याचं खोकं, डबा, पिशवी स्वतः तयार करून पाठवायची. पहिल्या नंबराचं बक्षीस मोठं होतं: ते वेष्टण आयोजक स्वखर्चाने छापून देणार होते. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नको, नुसता क्रमांक. नावं बंद पाकिटात, निकालानंतर उघडायची. मी मुंबईहून सुट्टीवर आलो होतो, म्हणून खोकी उचलून ठेवायला मामांनी मला बरोबर नेलं.

मामांखेरीज दोन परीक्षक होते. कलामहाविद्यालयात शिकवणाऱ्या एक मॅडम आणि देवगडचे एक किराणा व्यापारी. दिसणं, मालाचं रक्षण, वरची माहिती, उघडायची सोय, खर्च आणि शेवटी त्याचा कचरा किती होणार, अशा सहा बाबींना गुण द्यायचे होते. मॅडम सभागृहाच्या पार टोकाला जाऊन तिथून खोकी बघत. "गिऱ्हाईक फळीवर एकदाच नजर टाकतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं; जवळून सुरेख दिसणारी काही खोकी लांबून विटांसारखी दिसत होती. व्यापारी खोक्यावर खोकं रचून फळीत किती मावतात ते पाहत. आणि मामा? मामा प्रत्येक खोकं कमरेइतकं उचलून सोडून देत. आधी तळावर, मग कडेवर, मग कोपऱ्यावर. काही प्रवेशिका तिथेच वैकुंठाला गेल्या. मागच्या बाकांवर बसलेले स्पर्धक प्रत्येक आवाजाला दचकत होते.

एवढ्यानेही समाधान होईना. उरलेली खोकी त्यांनी एसटीत चढवून खारेपाटणपर्यंत नेऊन आणायला लावली. खोक्यांच्या शेजारी मी. कंडक्टरने विचारलं, "ह्या काय, लग्नाचो आहेर?" मी म्हटलं, परीक्षेला बसलीत. बांबूच्या विणीत बसवलेला एक आंब्याचा करंडा मॅडमना फार आवडला होता. तो परत आला तेव्हा एका बाजूला कलला होता आणि आंब्यांनी आपापली जागा सोडली होती. मॅडम हसल्या आणि त्यांनी स्वतःच आपले गुण खोडले.

शेवटी एक फणसपोळीचा डबा राहिला. साध्या तपकिरी पुठ्ठ्याचा, चपटा. आत पोळीच्या प्रत्येक थराखाली कागद, म्हणजे थर एकमेकांना चिकटत नाहीत. झाकणाच्या कडेतून सुताची नाडी बाहेर आलेली. एसटीतून धड परत आलेला तो डबा मामांनी पुन्हा पाडला, उलटा पाडला, काही झालं नाही. मग त्यांनी नाडी ओढली. झाकण एका रेषेत सुटलं, आणि दाबल्यावर पुन्हा बसलं. मामा ते उघडत राहिले, मिटत राहिले. मग सभेला सांगावं तशा शुद्ध मराठीत म्हणाले, "मी जन्मभर खोक्याची मजबुती बघितली. उघडणाऱ्याचे हात कधी बघितले नाहीत. ज्याने हे केलं, त्याने हात बघितलेत." सभागृहात सगळ्यांनी ऐकलं. मागच्या बाकावर मामीही होत्या. शेजारणींबरोबर गंमत बघायला आले आहे, असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं.

बेरीज झाली. फणसपोळी पहिली. स्पर्धेच्या सचिवांनी पाकीट फोडलं आणि मामींचं नाव वाचलं.

फणसपोळी आमच्याकडे घरोघर होते, मामींनी डबा शेजारणीच्या पडवीत बसून केला होता, त्यामुळे मामांना शंका यायचं काही कारणच नव्हतं. टाळ्या पडल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिलेले गुण कुठल्याच खोक्याला धरू नका. दोघांच्याच गुणांवर निकाल लावा."

मॅडम म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला माहीत नव्हतं. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गुण काढले तर त्यांच्यावर अन्याय होईल."

"तुम्ही पाहिलंत. बाकीच्यांनी नाही. उद्या कोणीही म्हणेल, नवरा परीक्षक होता. मग पुढच्या वर्षी खोकं कोण पाठवणार?"

व्यापाऱ्यांनी गुणांचा कागद मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी मामांचे गुण खोडले. मग पुन्हा बेरीज झाली आणि पहिला नंबर तोंडवलीच्या बायकांच्या सुक्या कोळंबीला गेला. त्यांची पिशवीही चांगली होती. कोळंबीचा वास इतका आतल्या आत राहत होता, की तिच्याजवळ मांजर निवांत झोपलं असतं. मामींनी दुसऱ्या नंबराचं प्रमाणपत्र घेतलं, त्या बायकांपैकी एकीचा हात दाबला आणि बाहेर जाऊन रिक्षात बसल्या.

रिक्षात मी मधे होतो, आणि मला खाली उतरून चालत जावंसं वाटत होतं. पडवीत पाय ठेवल्यावर मामा म्हणाले, "तू माका सांगूक नाय कित्याक?"

"सांगला असता तर तुम्ही थंय गेलासच नसतास. मगे माझो डबो तुमच्या हातात येतलो कसो?"

"पण ही नाडी सुचली खंयसून?"

"तुमच्यामुळे," मामी म्हणाल्या. "इतकी वर्सा बघतंय. पुडो उघडीपर्यंत चायचा पाणी आटान जाता. म्हटला, एक तरी असो करूया, जो पटकन उघडात."

मामा खुर्चीत बसले. "नंबर माझ्यामुळे गेलो गो."

मामी पदराने तोंड पुसत आत निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. "गेलो तर गेलो. पण तुम्ही काय बोललास ता सगळ्यांनी ऐकल्यानी. घरात कधी बोललास नाय."

दुसऱ्या दिवशी मामांनी पुठ्ठा आणवला. छापून मिळणार नव्हते, म्हणून मामींचे डबे ते हाताने कापायला बसले. मला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. पण तो हंगाम गेला, पुढचाही गेला, मामा पडवीत चटई टाकून रेघा मारत, कापत, घड्या घालत बसलेले. त्यांनी घातलेली घडी पसंत पडली नाही तर मामी डबा परत देत, आणि कारखान्यात घडीवरून साहेबाशीही भांडणारा हा माणूस मुकाट्याने दुसरा कापत असे. दुपारी दोघं समोरासमोर बसून नाड्या ओवत. बोलणं फार नसे. मामी मधेच काहीतरी सांगत, मामा "हां" म्हणत.

आता मागणी वाढली. मामींचे डबे कोल्हापूरहून, मामांच्याच जुन्या कारखान्यातून, मशीनवर होऊन येतात. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा नवा गठ्ठा नुकताच आला होता. मामांनी एक डबा काढला, सगळ्या बाजूंनी फिरवला, कडेवरून नख ओढलं. मी वाट पाहत होतो. "एकदम बरोबर इलो हा," ते म्हणाले, आणि डबा जागेवर ठेवला. आतून मामी आणि शेजारणींचं हसणं ऐकू येत होतं. त्यांना पोळ्या भरायची घाई होती. मामा चटईवर तसेच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, आणि थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, मुंबईला जाताना बरोबर काय काय न्यायचं आहे, त्यातलं काही बांधून द्यायचं आहे का.