सोजरबाईंच्या दोन बाटल्या

कारेगावजवळच्या वाडीवर सोजरबाई नर्स म्हणून आल्या, तेव्हा रांजणगावला कंपन्या नव्हत्या, नुसता माळ होता. चोवीस वर्षांत निम्मी वाडी त्यांच्याच हातावर जन्मली. बाईंचा अभिमान एकच, लसीचा डबा! दगडासारखे गोठलेले बर्फाचे पॅक बाटल्यांना भिडवून ठेवायच्या. लस म्हंजे गार पाहिजे, झालं!

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात शिरूरला ट्रेनिंग निघालं. बावन्न वर्षांच्या सोजरबाई पहिल्या बाकावर. शिकवायला राजश्री मॅडम, लेकीच्या वयाची.

"धनुर्वाताची लस गोठली की वाया गेली," मॅडम म्हणाली. "दिसायला तशीच राहते."

मागच्या बाया पेंगत होत्या. सोजरबाईंचा हात वर. "तशीच दिसती, तर मग वळखायची कशी?"

मॅडम खुलली. "त्याच लसीची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवा. संशयाची बाटली नि ती, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. गोठलेलीचा गाळ लवकर खाली बसतो."

एसटीत बाईंच्या डोक्यात तेच. खरंच बसत असंल? आन् आपल्या डब्यातलीचा बसला तर? इतकी वर्षं आपण टोचलं काय?

बुधवारी त्यांनी धनुर्वाताच्या लसीची एक बाटली गोकुळ गारीगारवाल्याकडं दिली. "नर्सबाई, हिला काडी लावू का?" म्हणत त्यानं ती मीठ-बर्फात पुरली.

गुरुवारी समाजमंदिरात गरोदर बाया जमल्या. आरोग्य केंद्रातून शिपाई म्हस्कूनं डबा भरून पाठवलेला, थेट बाईंनीच शिकवल्यासारखा, दगडी पॅक भिडवून! बाईंनी सुई बाजूला ठेवली. गोकुळकडं गोठवून वितळवलेली बाटली अन् डब्यातली बाटली, दोन्ही खळखळून हलवल्या आणि टेबलावर मांडल्या.

"काय यज्ञ मांडला का काय?" सोपानराव म्हणाले. सून मोनालीला घेऊन आले होते.

"आबा, गप बसून बघा जरा."

सगळी वाडी दोन बोटभर बाटल्यांवर वाकली. अर्ध्या तासानं गोकुळची बाटली वर नितळ, तळाला गाळ. डब्यातली? तीही तश्शीच!

गप्प राहून टोचलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

"बायांनो, ही लस गेली. आन् मागंही मी अशीच बर्फात दाबत आले. त्या लसी कामाच्या व्हत्या का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मी दुसरी आणते. मागं ज्यांनी टोचून घेतलं त्यांनीबी या, पुन्हा टोचायचं का ते बघते."

सोपानराव बाटलीकडंच बघत राहिले. "चोवीस वर्सं शिकवून दमला न्हाईत, आन् आता शिकायला लागलात व्हय?"

"लागले, आबा."

बाई स्वतः आरोग्य केंद्रात गेल्या. गोठलेले पॅक बर्फ सुटून आतलं पाणी हलेपर्यंत बाहेर ठेवले, मग डबा भरला. दुपारी परतल्या तर एकही बाई घरी गेली नव्हती. सोपानरावांनी टेबल पुसून ठेवलं होतं.

"आधी हलवा," ते म्हणाले. "हिचा गाळ बसतो का न्हाई, बघू द्या."

अर्धा तास सगळे बघत राहिले. नवी बाटली दुधाळच राहिली, तळाला गाळ नाही. मोनालीनं बाही वर केली.